मृत्युपत्र चालविणाराच तें नाकारूं शकतो काय?

मनुष्यामागें जे कागद राहतात, त्यांत मृत्युपत्रासारखा नाजूक कागद दुसरा नाहीं. लिहिणारा आपल्या शब्दांचा अर्थ सांगावयास हयात नसतो. त्याचें काम त्यानेंच नेमलेल्या एक्झिक्युटरानें पार पाडावयाचें असतें. आतां समजा, नांदेडच्या एका व्यापाऱ्यानें आपलें घर व लातुराकडील स्वकष्टार्जित शेत थोरल्या मुलाच्या नांवें लिहून ठेविलें आणि धाकट्या भावास एक्झिक्युटर नेमिलें. मृत्युपत्रावर जी तारीख आहे, त्या दिवशीं रोगी शुद्धीवर नव्हता, हें भावास पक्कें ठाऊक आहे. वगळलेली विधवा मुलगी ओसरीवर बसून आहे. थोरला पुतण्या तिजोरीच्या किल्ल्या पुढें करून म्हणतो, "काका, आतां सारें तुमच्या हातीं." काकांनीं काय करावें?

हिंदु, शीख, जैन व बौद्ध यांच्या मृत्युपत्रांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मुसलमानांच्या मृत्युपत्रांचे नियम निराळे आहेत. या कायद्यानें एक्झिक्युटराची नेमणूक म्हणजे बेडी नव्हे. न्यायाधीशासमोर तोंडीं अथवा सहीच्या लेखानें त्यास हें काम नाकारतां येतें. मात्र एकदां नाकारल्यावर पुन्हां प्रोबेट मागतां येत नाहीं. आणि एक्झिक्युटर म्हणून नांव असलेल्या माणसास मृत्युपत्रानें कांहीं दिलें असेल, तर काम न पत्करतां सामान्यतः त्यावर हक्क सांगतां येत नाहीं. मोकळेपणाची ही किंमत होय.

नांदेड-लातुराकडे प्रोबेट घेतलेंच पाहिजे अशी सक्ती नाहीं. यामुळेंच एक फसगत होते. अर्ज केला नाहीं म्हणजे आपण अद्याप मोकळे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु येणें वसूल केलें, माल विकला, इस्टेटीचा कारभार सुरू केला, कीं वर्तनानेंच काम पत्करल्यासारखें होतें व मग अंग काढून घेतां येत नाहीं. म्हणून शंका असणाऱ्यानें किल्ल्या घेण्यापूर्वींच विचार करावा.

काम पत्करल्यावर काय बंधन पडतें, याचें उदाहरण महाराष्ट्रास परिचित आहे. लोकमान्य टिळकांचा लातुराशीं संबंध आला तो जिनिंगच्या कारखान्यामुळें. औरंगाबादेशीं आला तो एका मृत्युपत्रामुळें. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजीं वारले. मरणापूर्वीं त्यांनीं मृत्युपत्र करून टिळक, दादासाहेब खापर्डे आदि मंडळींस इस्टेटीची व्यवस्था सोंपविली. टिळक त्या वेळीं स्वतः राजद्रोहाच्या खटल्यांत जामिनावर होते! पुढें जून १९०१ मध्यें औरंगाबाद येथें जगन्नाथाचें दत्तविधान झालें. पण विधवा ताई महाराजांनीं तें नाकारलें आणि प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला. टिळकांवर फौजदारी खटला झाला, १९०३ मध्यें शिक्षा झाली, मार्च १९०४ मध्यें हायकोर्टानें त्यांस निर्दोष सोडलें. दत्तकाचा वाद मार्च १९१५ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें त्यांच्या बाजूनें मिटविला. मरणाऱ्या स्नेह्यास दिलेला शब्द जवळ जवळ अठरा वर्षें पाळावा लागला!

टिळकांस मृत्युपत्राविषयीं संशय नव्हता, म्हणून ते झुंजले. ज्यास संशय आहे, त्याची गोष्ट उलट आहे. प्रोबेटच्या अर्जांत, 'हें मयताचें शेवटचें मृत्युपत्र असून तें रीतसर झालें आहे,' असें सत्यावर लिहून द्यावें लागतें. आज हें लिहून देऊन उद्यां त्याच मृत्युपत्राविरुद्ध उभें राहणें न्यायासही मानवत नाहीं. शिवाय संशयास्पद गोष्टी असतील, तर त्यांचें निरसन मृत्युपत्र पुढें मांडणाऱ्यानेंच केलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५८ मध्यें वेंकटाचल अय्यंगार यांच्या प्रकरणांत सांगितलें. जी शंका आपल्याच मनांत आहे, ती काकांनीं न्यायाधीशाच्या मनांतून कशी काढावी?

याचा अर्थ त्यांनीं मौन धरावें असा मात्र नाहीं. काम नाकारल्यावर, ते स्वतः वारस असते तर त्यांस उघड हरकत घेतां आली असती. येथें वारस मुलगी आहे. हरकत तिनें घ्यावी. पण काका साक्ष देऊं शकतात. कारण एक्झिक्युटर असल्यामुळें मृत्युपत्राच्या खरेखोटेपणाविषयीं साक्ष देण्यास कोणी अपात्र ठरत नाहीं, असें कायद्याचें ६८ वें कलमच सांगतें.

आणि प्रोबेट मिळाल्यावर बनावटपणा उघडकीस आला, किंवा मागाहूनचें मृत्युपत्र सांपडलें, तर? तेव्हां तें दडपणें हा विश्वासघात होय. योग्य कारण असेल तर प्रोबेट रद्द होऊं शकतें. म्हणून सांपडलेला कागद न्यायालयापुढें ठेवावा. तोंवर इस्टेटीस हात न लावतां तिचा चोख हिशेब राखावा. प्रोबेटनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व वर्षाच्या आंत जमाखर्च देणें तर त्याच्यावर बंधनकारकच आहे.

तात्पर्य, हातीं कारभार ठेवून मृत्युपत्राशीं भांडतां येत नाहीं. कारभार सोडून सत्य सांगतां येतें. काकांनीं त्या किल्ल्या घेऊं नयेत. पुतण्या रुसेल, भावकी नांवें ठेवील. पण ओसरीवर बसलेल्या त्या मुलीस, काकांनीं पाहिलें तेंच सांगितलें, एवढें तरी म्हणतां येईल.