उचगाव : एका लोपलेल्या मतदारसंघाची कहाणी

गावे नामशेष होतात तेव्हा त्यांच्या जागी निदान पडक्या भिंती उरतात. राज्ये लयास जातात तेव्हा त्यांची नाणी आणि शिलालेख मागे राहतात. मतदारसंघाच्या नशिबी मात्र असे काहीच नसते. एके दिवशी राजपत्रात एक आदेश प्रसिद्ध होतो, जुने नाव गळते, नवे नाव चढते आणि पुढच्या निवडणुकीत मतदार निराळ्या यादीत आपले नाव शोधू लागतो. कानडातील प्रांतिक विधिमंडळांच्या इतिहासात अशा अस्तंगत मतदारसंघांच्या याद्याच्या याद्या आढळतात. इंग्लंडात ओल्ड सेरम हे ओसाड ठिकाण १८३२ च्या सुधारणा कायद्यापर्यंत दोन प्रतिनिधी पार्लमेंटात पाठवीत होते. ते गेले याचे कोणाला दुःख झाले नाही, कारण तेथे माणसेच उरली नव्हती. परंतु माणसे जागच्या जागी असताना, त्यांची शेते, त्यांची देवळे आणि त्यांची भाषा होती तेथेच असताना, केवळ त्यांना एकत्र बांधणारी रेषा पुसली गेली तर काय घडते? बेळगाव तालुक्यातील उचगाव मतदारसंघाची कहाणी या प्रश्नाचे उत्तर देते.

बेळगाव शहराच्या पश्चिमेस निघाले की काळ्या जमिनीची जागा हळूहळू तांबडी माती घेते. पावसाचे मान वाढत जाते आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा प्रदेश सुरू होतो. उचगाव, हिंडलगा, बेळगुंदी, बिजगर्णी ही या बाजूची गावे. बेळगुंदीच्या परिसरातच मार्कंडेय नदीवर राकसकोपचा जलाशय आहे आणि बेळगाव शहराची तहान त्या पाण्यावर भागत आली आहे. भात, रताळी आणि बटाटे पिकविणारा येथील शेतकरी घरात, शेतात आणि भजनात मराठी बोलतो. बेळगुंदीसारख्या खेड्यात मराठी साहित्य संमेलने भरतात आणि त्यांना शेतावरून परतलेली माणसे श्रोते म्हणून बसतात. भाषा हा येथे सभेपुरता विषय नसून तो रोजच्या व्यवहाराचा श्वास आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून या भागाच्या निवडणुकांचा अर्थ लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर काही महिन्यांतच, १९५७ साली, सार्वत्रिक निवडणूक झाली. १९४८ पासून काम करीत असलेल्या महाराष्ट्र एकीकरण समितीने ती निवडणूक एकाच प्रश्नावर लढविली : या भागाने कोठे असावे? बेळगाव शहरातून बी. आर. सुंठणकर आणि खानापुरातून एल. बी. बिर्जे निवडून आले. ज्या विधानसभेत बसण्याची इच्छा नाही, त्याच विधानसभेवर प्रतिनिधी पाठवून ती अनिच्छा नोंदवायची, असा हा विलक्षण प्रकार होता.

तो विलक्षण असला तरी त्यामागे तर्क होता. आंध्र आणि मद्रास यांच्यामधील सीमेचा तंटा हरिभाऊ पाटसकर यांच्या मध्यस्थीने सुटला आणि १९५९ साली त्यास कायद्याचे रूप मिळाले. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही त्या निवाड्याची मुख्य सूत्रे होती. महाराष्ट्राने बेळगाव, खानापूर, निपाणी आणि कारवार या भागांविषयीची आपली मागणी याच सूत्रांवर उभी केली आणि त्यांच्या जोडीला लोकेच्छा हे आणखी एक सूत्र मांडले. खेडे नकाशात दिसते, सलगता मोजता येते, भाषिक बहुसंख्या शिरगणतीत सापडते. लोकेच्छा मात्र कोठे पाहावयाची? सरकारने ती विचारली नाही, तर लोकांनी ती सांगावी कशी? मतपेटीखेरीज दुसरे साधन हाताशी नव्हते.

शेजारच्या गोव्यात हा प्रश्न सरळ विचारण्यात आला. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला. १,७२,१९१ मते केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० मते महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने पडली आणि ३४,०२१ मतांच्या अंतराने तो वाद मिटला. पराभूत पक्षासही तो निर्णय मान्य करावा लागला, कारण प्रश्न स्पष्ट होता आणि उत्तरही स्पष्ट होते. युरोपात १९२० साली श्लेस्विग प्रांतात असेच मतदान झाले. उत्तरेकडील भागाने डेन्मार्कची निवड केली, त्याच्या दक्षिणेकडील भागाने जर्मनीची, आणि त्यानुसार सीमा आखली गेली. बेळगावच्या वाट्यास असे मतदान कधीच आले नाही. तेथे २५ ऑक्टोबर १९६६ रोजी न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ साली त्याने अहवाल दिला. निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्रास द्यावीत, २४७ गावे महाराष्ट्रातून म्हैसूरकडे जावीत आणि बेळगाव शहर आहे तेथेच राहावे, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने ती अमान्य केली. यानंतर प्रत्येक निवडणूक हा सीमाभागातील मराठी मतदारास आपला कौल नव्याने नोंदविण्याचा प्रसंग वाटू लागला, यात नवल नाही.

उचगावचे महत्त्व येथे आहे. १९७६ च्या आदेशाने ठरलेल्या सीमांवर १९७८, १९८३, १९८५, १९८९, १९९४, १९९९ आणि २००४ अशा सात विधानसभा निवडणुका झाल्या. त्या सर्व काळात उचगाव हे बेळगाव शहर आणि खानापूर यांच्याबरोबर समितीच्या बळाचे ठाणे मानले जाई. बी. आय. पाटील येथूनच विधानसभेत गेले. २००४ साली, म्हणजे या मतदारसंघाच्या अखेरच्या निवडणुकीत, मनोहर किणेकर निवडून आले. शहरात व्यापारी, नोकरदार, उर्दू भाषिक आणि कन्नड भाषिक यांची सरमिसळ असल्याने मतांचे गणित दरवेळी बदलत असे. उचगावात खेडी मोठ्या प्रमाणावर एकभाषी असल्यामुळे तेथला कौल वाचणे सोपे होते. लोकेच्छेचे मापन करावयाचे असेल तर याहून चांगले माप मिळणे कठीण होते.

परंतु या मापावरील खुणा सरकारी दप्तरात नीटशा उमटल्या नाहीत. समिती हा निवडणूक आयोगाकडे मान्यता पावलेला पक्ष नव्हता. त्यामुळे तिचे उमेदवार अधिकृत निकालपत्रांत 'अपक्ष' या सदराखाली येत राहिले. एखादा अभ्यासक केवळ ती कोष्टके चाळील तर त्यास असे वाटेल की, उचगावचे मतदार पक्षांना कंटाळून कोणा एकट्यादुकट्या व्यक्तीस निवडून देत होते. वस्तुतः बेळगाव भागात ज्यांच्या नावापुढे अपक्ष असे लिहिले गेले, त्यांतील कित्येकांच्या मागे पक्षाहूनही घट्ट बांधलेली चळवळ उभी होती. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे, तथापि सदरांची नावे कित्येकदा मुकी असतात.

लोकसभेच्या निवडणुकीत या मतदारांची स्थिती निराळी होती. खानापूर कारवारकडील मतदारसंघास जोडलेले, निपाणी चिकोडीस जोडलेले, आणि उरलेला मराठी मुलूख बेळगाव मतदारसंघात गोकाक, बैलहोंगलसारख्या कन्नड भाषिक भागांबरोबर बांधलेला. अशा तीन वाटण्या झाल्यामुळे दिल्लीस आपला प्रतिनिधी पाठविणे समितीस दुरापास्त होते. ज्या गावकऱ्यास विधानसभेसाठी आपले मत निर्णायक ठरते याचा अनुभव होता, त्यालाच लोकसभेसाठी ते मत पाण्यात विरघळलेल्या मिठासारखे दिसेनासे होते हेही अनुभवावे लागे.

या अगतिकतेतूनच निषेधाचा एक निराळा मार्ग निघाला. जिंकता येत नसेल तर मतपत्रिकाच बोलकी करावयाची. १९८५ साली बेळगाव शहराच्या विधानसभा जागेसाठी ३०१ उमेदवार उभे राहिले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातील उमेदवारांची संख्या ४५६ झाली. त्याच वर्षी आंध्रातील नलगोंडा येथे ४८० आणि तामिळनाडूतील मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. नेहमीच्या मतपत्रिकेत इतकी नावे मावणे शक्यच नव्हते. बेळगावचे नाव देशभर झाले. जनता दलाचे शिवानंद कौजलगी निवडून आले आणि सीमाप्रश्न होता तेथेच राहिला. बदलला तो कायदा. लोकसभेच्या सर्वसाधारण जागेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपयांवर गेली, विधानसभेची २५० वरून ५,००० वर गेली, आणि मान्यताप्राप्त पक्षाबाहेरील उमेदवारास एकाऐवजी दहा सूचक आवश्यक ठरले. सरकारने दुखणे पाहिले नाही, केवळ कण्हण्याचा आवाज कमी होईल अशी व्यवस्था केली, असे सीमाभागातील माणसास वाटले असेल तर त्यास दोष देता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, चारपाचशे नावांच्या मतपत्रिकेतून आपला उमेदवार शोधणाऱ्या अर्धसाक्षर मतदाराचाही विचार कोणी तरी करावयास हवा होता, हेही नाकारता येत नाही.

२००२ साली मतदारसंघ पुनर्रचनेचा नवा कायदा झाला आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या शिरगणतीच्या आधारे देशभरातील मतदारसंघ नव्याने आखले. त्या कायद्यातील निकष ध्यानात घेण्याजोगे आहेत : भौगोलिक सलगता, नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय. पाटसकर सूत्रातील सलगता येथेही आहे, परंतु भाषा नाही. असे आदेश न्यायालयात आव्हान देण्याच्या पलीकडे असतात, ही राज्यघटनेच्या ३२९ व्या कलमाची तरतूद. आयोगाने भाषेचा द्वेष केला असे म्हणण्यास आधार नाही. त्याच्या फूटपट्टीवर भाषेचे घरच नव्हते, एवढेच. पण ज्या प्रदेशाचा अर्धशतकाचा इतिहास भाषेभोवती फिरला, तेथे भाषेकडे न पाहता ओढलेली रेषासुद्धा भाषेवर परिणाम केल्यावाचून राहत नाही.

२००८ च्या मे महिन्यात कर्नाटकाची निवडणूक या नव्या सीमांवर झाली. बेळगाव शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. उचगाव आणि बागेवाडी ही दोन्ही नावे यादीतून गेली. कडोली, काकती या बाजूची गावे अनुसूचित जमातींसाठी राखीव झालेल्या यमकनमर्डी मतदारसंघात गेली. उचगाव, हिंडलगा, बेळगुंदी ही पश्चिमेची गावे, पूर्वेकडील हिरेबागेवाडीच्या कन्नड भाषिक गावांसह, 'बेळगाव ग्रामीण' या नव्या मतदारसंघात आली. निकाल लागला तेव्हा समितीस संपूर्ण राज्यात एकही जागा मिळालेली नव्हती. बेळगाव ग्रामीणमधून २००८ आणि २०१३ साली भारतीय जनता पक्षाचे संजय पाटील, तर २०१८ आणि २०२३ साली काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर निवडून आल्या. २०१३ साली समितीस ज्या दोन जागा मिळाल्या, त्या बेळगाव दक्षिण आणि खानापूर या होत्या. पश्चिमेच्या खेड्यांतील नव्हत्या.

सारा दोष नकाशावर ढकलणे सोयीचे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. समितीमधील दुफळी हे अपयशाचे दुसरे कारण होय. शिवाय एक तिसरे कारण आहे, आणि ते अधिक खोल आहे. मतदारास एकाच मतात दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत होती : आपला मुलूख कोणत्या राज्यात असावा, आणि आपल्या गावचा रस्ता, शाळा, पाणी यांसाठी कोण झटेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजोबांनी दिले, वडिलांनी दिले. त्याचा निकाल काही लागला नाही. दुसरा प्रश्न मात्र दर पावसाळ्यात नव्याने दारात उभा राहतो. अशा वेळी एखाद्या तरुण मतदाराने मोठ्या पक्षाच्या उमेदवारास मत दिले, तर त्याने आपली भाषा विकली असा आरोप करणे अन्यायाचे आहे. त्याचप्रमाणे समितीची जागा गेली म्हणून लोकेच्छा बदलली, असा निष्कर्ष काढणेही तितकेच उतावळेपणाचे होईल. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांना एक लाखाहून अधिक मते पडली. विजय मिळाला नाही, पण ती मते कोठून तरी आलीच होती.

प्रतिनिधी निवडण्याची निवडणूक आणि लोकांचा कौल घेणारे मतदान या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९१८ साली आयर्लंडमध्ये सिन फेन पक्षाने १०५ पैकी ७३ जागा जिंकून निवडणुकीलाच कौलाचे रूप दिले, पण तेथे एका झंझावातात सारे घडले. पन्नास वर्षे तेच अस्त्र दर पाच वर्षांनी उपसत राहणे हा निराळा प्रयोग होता, आणि तो बेळगावच्या खेड्यांनी लोकशाहीच्या चौकटीत राहून केला. २००४ साली उचगावची शेवटची निवडणूक झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मतपेटीत मांडलेला अर्ज एका अर्थी त्या वर्षी न्यायालयाच्या दप्तरात गेला.

उचगाव मतदारसंघ आता केवळ जुन्या निकालपत्रांत उरला आहे, आणि तेथेही त्याची खरी ओळख 'अपक्ष' या शब्दाआड झाकलेली आहे. सीमाप्रश्नाचा अंतिम निर्णय कोणत्याही बाजूने लागो, त्या सात निवडणुकांत बेळगुंदीसारख्या खेड्यांतून मतकेंद्रापर्यंत चालत गेलेल्या माणसांनी काय सांगितले होते, ते त्यांच्या स्वतःच्या नावाने नोंदले जाणे हा त्यांचा हक्क आहे. ती नोंद नीट करण्याचे काम सरकारचे नव्हे, ते इतिहास लिहिणाऱ्यांचे आहे. त्या पिढीतील साक्षीदार हयात आहेत तोवरच ते हाती घेतलेले बरे.