तुळस, सब्जा आणि झणझणीत थाई नूडल्स

आज 'पॅड की माव'. थाई भाषेत 'की माव' म्हणजे दारुडा. नाशिककरांनो, वाईन ओतू नका, यात दारू लागत नाही!

खरी गंमत पानांची. थाई लोक यात जी 'क्राप्राव' पानं घालतात, ती आपली तुळसच, एकाच जातीची. मी संध्याकाळी कात्री घेऊन निघालो, तर आई म्हणाली, "दिवेलागणीला तुळस तोडतोस? आणि लसणात परतणार?" मी शास्त्रीय नाव सांगायला लागलो. तिने नुसतं बघितलं. गपचूप कुंडीतला सब्जा खुडला. तोही तुळशीचाच भाऊबंद, जरा गोडसर.

बाकी सोपं. चपट्या राईस नूडल्स साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळू नका, लगदा होतो. लसूण, 5-6 लवंगी मिरच्या ठेचा. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा. घरच्या गॅसला हॉटेलची आच नाही, म्हणून एका वेळी एकाच माणसापुरतं परता. मी चौघांचं एकदम टाकलं, खिचडी झाली! फिश सॉसऐवजी सोया सॉस, चिमूटभर साखर, पाण्याचा हबका. गॅस बंद करून पानं. आणि हो, खिडकी आधीच उघडा, जाम ठसका लागतो.

आईने दोनदा घेतलं. म्हणाली, "मिसळीपुढे काहीच तिखट नाही रे."