सही आपली, पैसे सगळ्यांचे



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, कस्टमचा आणि आपला काय संबंध? दोन वर्षांपूर्वी मीही असंच म्हणाले असते. पण आता बचत गट एकत्र येऊन कंपन्या काढतात, परदेशातून मशीन मागवतात. आमच्या तीन गटांनी मिळून काढलेल्या कंपनीनेही मसाला आणि कुळथाचं पीठ पाउचमध्ये भरायला चीनमधून एक पॅकिंग मशीन मागवलं. किंमत आठ लाख रुपये. आम्ही चौतीस जणी, आणि डोक्यावर बँकेचं कर्ज.

मशीन न्हावा शेवा बंदरात उतरलं. माल सोडवण्यासाठी सरकारला जो कागद द्यावा लागतो त्याला बिल ऑफ एंट्री म्हणतात. तो दाखल करण्याआधी कस्टम एजंट एक चेकलिस्ट पाठवतो. ती आपण वाचायची आणि मग होकार द्यायचा. मला ती मोबाइलवर आली तेव्हा मी एसटीत उभी होते. वरवर बघितलं आणि "ओके" लिहून पाठवलं.

चूक तिथेच झाली. आमचं बिल सीआयएफ होतं. म्हणजे आठ लाखांत बोटीचं भाडं आणि विमा धरलेला होता. चेकलिस्टमध्ये मात्र एफओबी लिहिलं होतं, म्हणजे भाडं वेगळं. भाड्याचा आकडा कळत नसेल तर नियमाप्रमाणे किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरतात. त्यामुळे आठ लाखांचं मशीन कागदावर नऊ लाख एकोणसत्तर हजारांचं झालं. वाढलेल्या १,६९,००० वर साडेसात टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार मिळून १३,९४२ रुपये आम्ही जास्तीचे भरले.

हे कळलं सात महिन्यांनी, हिशेब लिहिताना. आम्ही महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये बचत करतो. म्हणजे चौतीस जणींची चार महिन्यांची बचत गेली होती. मी बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या खजिनदार काकी एवढंच म्हणाल्या, "बाय, सही तुझी, पैसे आमचे." त्या रात्री मला झोप लागली नाही.

एजंट म्हणाला, "मॅडम, माल सुटला, विषय संपला." पण विषय संपत नाही, हेच मला आज तुम्हाला सांगायचं आहे. आपल्या संविधानाचं २६५ वं कलम सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. चुकून जास्त भरलेला पैसा कागद चुकला म्हणून सरकारचा होत नाही. फक्त तो मागण्याची एक रीत आहे, आणि तिला मुदत आहे.

पहिली गोष्ट, आधी कागद दुरुस्त करायचा, मग पैसे मागायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली आयटीसी कंपनीच्या खटल्यात सांगितलं की बिल ऑफ एंट्रीवरची आकारणी बदलून घेतल्याशिवाय परतावा मिळत नाही. आपणच आकारणी करून भरलेला कर असला तरी हेच लागू. ही दुरुस्ती सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४९ खाली मागता येते. नुसती लिहिण्याची किंवा बेरजेची चूक असेल तर कलम १५४ आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने माल सुटल्यावर आपणहून नोंद सुधारण्यासाठी १८अ हे नवीन कलमही आणलं आहे. आपल्या बाबतीत कुठली वाट धरायची, ते सीएला विचारा.

दुसरी गोष्ट, पुरावा जुना लागतो. १४९ खाली माल सुटताना जे कागद अस्तित्वात होते त्यांच्याच आधारे दुरुस्ती होते. आज नवीन पत्र आणून चालत नाही. आमच्याकडे मूळ बिल होतं, ऑर्डरचा कागद होता आणि बोटीची पावती होती. तिच्यावर भाडं आधीच भरल्याचा शिक्का होता. फाइल जपून ठेवली होती म्हणून वाचलो.

तिसरी, मुदत. परताव्याचा अर्ज कलम २७ खाली शुल्क भरल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा. कर निषेध नोंदवून भरला असेल तरच ही अट नाही. आमची दुरुस्ती रेंगाळली आणि अकरावा महिना लागला. तेव्हा सीएने सांगितलं, "दुरुस्ती होईल तेव्हा होईल, अर्ज आजच टाका." त्यांचं ऐकलं ते बरं झालं.

चौथी गोष्ट अनेकांना माहीत नसते. जास्तीचा कर आपण गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला नाही, हे दाखवावं लागतं. नाहीतर परतावा मंजूर होऊनही पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात. त्यासाठी आम्ही सीएचं प्रमाणपत्र जोडलं. ती रक्कम खर्चात न टाकता वहीत "येणे" म्हणून दाखवली होती, पाउचच्या किमतीत धरली नव्हती. आयजीएसटीचं आम्हाला इनपुट क्रेडिट मिळालं होतं, म्हणून तो मागितला नाही. एकच पैसा दोन वाटांनी मागायचा नसतो.

एकदा शंका काढून कागद परत आले. पुन्हा जोडून दिले. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर त्यावर व्याज मिळतं. आमचे त्याच्या आत आले, म्हणून व्याज नाही. रक्कम मात्र पूर्ण आली. बँकेचा मेसेज मी बैठकीत वाचून दाखवला. काकींनी चष्मा लावून स्वतः एकदा वाचला आणि म्हणाल्या, "आता वहीतलं येणं खोड."

त्याच दिवशी ठराव केला. चेकलिस्ट कितीही घाईत आली तरी दोघींनी बसून वाचायची. मालाची किंमत, कुठल्या चलनात आहे, भाडं आत की बाहेर, मालाचा कोड, नग, या पाच गोष्टींवर बोट ठेवून. मगच होकार.

मैत्रिणींनो, चूक झाली की आपण बायका आधी गप्प बसतो, मग स्वतःला दोष देतो. तोवर तारीख निघून जाते. चूक कळली त्या दिवशी पहिलं काम म्हणजे शुल्क भरल्याची तारीख बघा आणि वर्ष कधी पुरं होतं ते कॅलेंडरवर लिहा. बाकीचं त्यानंतर.