शनिवार तेल्यांची मराठी
(मीरा-भाईंदर येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



२०२५ मध्ये मीरा रोड येथे मराठीच्या आग्रहातून एका दुकानदाराला मारहाण झाली. आधी व्यापाऱ्यांचा, मग मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. परका माणूस मराठी होतो तो कशाने, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. त्याचे उत्तर कोकणातील बेने इस्राएली ज्यूंच्या इतिहासात आहे.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरा. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शब्बाथला घाणा बंद, म्हणून लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे गावांनीच दिली. १७९६ साली मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी सिनेगॉग बांधले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तने रंगली. धर्म सोडावा लागला नाही आणि भाषा लादावी लागली नाही.

याउलट वेल्सकडे पाहावे. १५८८ च्या वेल्श बायबलने त्या भाषेला जीवदान दिले. तेथील गावांनी हेब्रोन, नेबो अशी नावे धारण केली. तरीही १९११ च्या ऑगस्टमध्ये, औद्योगिक अशांततेच्या काळात, ट्रेडेगर व भोवतालच्या खाणपट्ट्यात ज्यूंची दुकाने लुटली गेली. ग्रंथावरील भक्ती शेजाऱ्याचे रक्षण करीतच असे नाही. शोषणाविरुद्धचा रोष शेजाऱ्याच्या जातिधर्मावर वळला, की श्रमिकांचा लढा वाट चुकतो.

कोकणचे चित्रही निर्दोष नव्हते. जातिव्यवस्थेच्या छायेत बेने इस्राएलींमध्येही ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद रुजला. आणि १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्यांच्या विवाहाधिकारावर तेथील धर्मपीठाने शंका घेतली. त्यांना निदर्शने करावी लागली. १९६४ साली तेथील संसदेने त्यांचे समान स्थान स्पष्ट केले. समतेचा हा झगडा देणाऱ्यांनी मराठी टाकली नाही. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्राएलमध्ये निघाले.

तात्पर्य सरळ आहे. घाण्याने, बाजाराने आणि शेजाराने मराठी रुजविली, धाकाने नव्हे. मराठीला रोजगार, शाळा व न्यायव्यवहार यांत मानाचे स्थान मिळावे, ही मागणी रास्तच आहे; ती शासनाकडे व भांडवलाकडे ठामपणे केली पाहिजे. कष्टकरी वस्त्यांत मात्र आपण मराठीचे सायंवर्ग घेऊन जावे, उगारलेला हात नव्हे.