मानधनाकडून वेतनाकडे : बालसंगोपन व समुपदेशन क्षेत्रातील रोजगार

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अंगणवाडी सेविकेला दरमहा मिळणाऱ्या रकमेस शासकीय कागदपत्रांत वेतन म्हटले जात नाही. मानधन म्हटले जाते. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. वेतन हा कामाचा मोबदला असतो आणि त्यासोबत सेवाशर्ती, बढती व सेवानिवृत्तीचे लाभ येतात. मानधन हे सेवाभावी कार्याबद्दल दिले जाते. बालसंगोपन, बालसंरक्षण आणि युवकांचे समुपदेशन या तिन्ही क्षेत्रांत करिअर घडवू इच्छिणाऱ्यांना आणि उद्या प्रशासनात जाऊन या क्षेत्रांचे नियोजन करणाऱ्यांनाही हा भेद नीट समजून घ्यावा लागेल.

अंगणातून राष्ट्रीय योजनेकडे

अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासमवेत त्यांनी आदिवासी बालकांमध्ये काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यामागील विचार होता. त्या कामात सेवाभाव होताच; परंतु ते बालशिक्षणशास्त्रावर आधारलेले, प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवणारे काम होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाडी केंद्रे आहेत. पूरक पोषण आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या सहा सेवा तेथून दिल्या जातात. योजनेचा विस्तार झाला. परंतु ती चालविणारी स्त्री मानसेवीच राहिली. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे मानधन ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० रुपयांवरून २,२५० रुपये केले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. त्यामुळे एकाच कामाचा मोबदला राज्यागणिक बदलतो.

मोबदला कमी का?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण असे की, हेच काम घरोघरी विनामूल्य होते. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील व्यक्तींची विनामूल्य देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी १३७ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ७५ मिनिटे देतात. जे काम घरी फुकट होते, त्याला बाहेर दाम का द्यावा, अशी समजूत यातून रूढ होते.

दुसरे कारण बाह्य लाभांचे. सुपोषित व सुसंस्कारित बालकाचा लाभ केवळ त्याच्या कुटुंबाला मिळत नाही. पुढे शाळेला, उद्योगाला आणि समाजाला मिळतो. हा लाभ घेणारे सगळेच त्याची किंमत मोजत नाहीत. म्हणून बाजारपेठ अशा सेवेवर अपुरा खर्च करते आणि तेथे शासनाचा हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

तिसरे कारण अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमल यांनी १९६० च्या दशकात मांडले. यंत्रामुळे कारखान्यातील कामगाराची उत्पादकता वाढते. परंतु काही सेवांमध्ये मनुष्याचा वेळ हीच सेवा असते. पाळणाघरातील ताई दहा मुलांऐवजी तीस मुले सांभाळू लागली, तर उत्पादकता वाढली असे होत नाही. संगोपनाचा दर्जा घसरतो. त्यामुळे चांगल्या संगोपनाचा सापेक्ष खर्च वाढतच जातो, आणि हा खर्च टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे वेतनाऐवजी मानधन!

कायदा आला, पदांचे काय?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार बालकल्याण समिती आणि बाल न्याय मंडळ यांची रचना झाली आहे. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते असतात व त्यांपैकी एक स्त्री असावी लागते. प्रत्यक्ष काम मात्र जिल्हा बालसंरक्षण कक्षातील संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक व समाजकार्यकर्ते करतात. मिशन वात्सल्य अंतर्गत यांतील बहुतांश पदे कंत्राटी आहेत. अत्याचारग्रस्त बालकाचा विश्वास संपादन करण्यास कित्येक महिने लागतात. कंत्राट संपून समुपदेशक बदलला, की त्या बालकाला आपली कहाणी नव्या व्यक्तीला पहिल्यापासून सांगावी लागते. कंत्राटी व्यवस्थेची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

युवकांच्या समुपदेशनाची गरजही तितकीच निकडीची आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वर्षे वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. शिकवणी वर्गांनाही ते लागू आहेत. गरज मान्य झाली. आता पुरेसे प्रशिक्षित मनुष्यबळ आणि त्याला टिकवून ठेवणारे वेतन हवे.

प्रवेशाच्या वाटा

समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा देशातील आरंभ १९३६ मध्ये मुंबईत, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या रूपाने झाला. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हा बालसंरक्षणाचा प्रमुख मार्ग होय. समुपदेशनासाठी मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी उपयुक्त ठरते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञास मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त पात्रता व नोंदणी आवश्यक असते. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२१ च्या अधिनियमाने मानसिक आरोग्यातील समुपदेशक व वैद्यकीय समाजकार्यकर्ते यांना व्यवसाय म्हणून कायद्याच्या कक्षेत आणले आहे. बालविकास प्रकल्प अधिकारी हे पद अनेक राज्यांत स्पर्धा परीक्षेद्वारे भरले जाते.

या वाटांनी जाणाऱ्यांनी आरंभीच्या वर्षांतील अल्प मोबदला व अस्थिरता गृहीत धरावी. परंतु परिस्थिती बदलत आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान अधिनियम, १९७२ लागू असल्याचा निर्णय दिला. त्यांना मिळणारे मानधन हे त्या अधिनियमातील वेतनाच्या व्याख्येत बसते, असे न्यायालयाने म्हटले. तो निर्णय उपदानापुरता होता. तरीही मानधन आणि वेतन यांमधील भिंतीला पडलेली ती पहिली मोठी खिंड होय. उद्या अंदाजपत्रकाच्या टिपणीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे : या कामात सेवाभाव असतो, म्हणून त्याचा मोबदला कमी असावा, असा निष्कर्ष निघत नाही.