बाळ कुणाकडे?

सकाळी सातला पाच घरची धुणीभांडी करायला निघालेल्या बाईला विचारा, ‘‘बाळ कुणाकडे?’’ ‘‘थोरली आहे की घरी,’’ असं ती म्हणते. थोरली दहा वर्षांची. पाळणाघराचे पैसे वाचतात, पण ते तिच्या शाळेतून वळते होतात.

पाळणाघर कायद्याला ठाऊक नाही असं नाही. 1948च्या कारखाना कायद्यात ते होतं. पन्नासहून जास्त कामकरी बायकांची अट 1976 साली तीसवर आली. बांधकाम मजुरांसाठीच्या 1996च्या कायद्यात पुन्हा पन्नासच. म्हणजे मोजायच्या त्या बायका. आणि आमच्या या बाईच्या मालकिणी पाच, पण प्रत्येकीच्या घरी कामाला बाई एकच. तिची बेरीज कुठल्याच कायद्यात होत नाही!

2005च्या रोजगार हमी कायद्यानं मात्र मुलं मोजली. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली, की बायकांपैकी एकीनं ती सांभाळायची आणि मजुरी इतरांसारखीच घ्यायची. प्रत्यक्षात किती ठिकाणी असं झालं, तो वेगळा विषय. पण मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, एवढं तरी तिथं कागदावर आलं. दिल्लीत मीरा महादेवन यांनी 1969 साली बांधकामावरच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेशेस’ सुरू केलं, तेही मुलांकडे पाहूनच. मजूर जिकडे, तिकडे पाळणाघर.

तुमच्या ओळखीत अशी आई असेल, तर तिला आधी अंगणवाडी सेविकेकडे न्या. नेहमीची अंगणवाडी काही तासांतच सुटते आणि आठ महिन्यांच्या बाळाचा तिथं निभाव लागत नाही, हे खरं. पण ‘पाळणा’ योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलंय. तिथं सहा महिने ते सहा वर्षांची मुलं साडेसात तास राहू शकतात. जवळ असं केंद्र आहे का, हे सेविकेला नाहीतर बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा. अर्ज तुम्हीच लिहून द्या; तिची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचेल.

आणि मोठ्या सोसायटीत राहत असाल, तर फाटकावरची वही चाळा. रोज किती बायका कामाला आत येतात, ते तिच्यात आहेच. त्यांची लहान मुलं किती, असा एक रकाना वाढवून बघा. दुपारभर कुलूपबंद असलेल्या हॉलची किल्ली कुणाकडे असते, तेही विचारून ठेवा.