हंसपुंजांतील खुजा नवतारा

पावसाळा सरल्यावर रात्रीं उत्तरेकडे उंच दिसणारा हंस हा तारकापुंज श्रोत्यांनीं पाहिला असेल. त्यांत 'एस्. एस्. सिग्नी' नांवाचा एक तारा आहे. एरव्हीं तो बाराव्या प्रतीचा, म्हणजे दुर्बिणीवांचून न दिसणारा. परंतु सरासरीनें सात आठवड्यांनीं तो एकदोन दिवसांत सुमारें ४० पट तेजस्वी होतो, कांहीं दिवस झळकतो आणि पुन्हां मंदावतो. १८९६ सालीं हार्वर्ड वेधशाळेंतील लुइझा वेल्स ह्या विदुषीनें तो शोधून काढला. अशा ताऱ्यांस खुजे नवतारे म्हणतात.

वस्तुतः हा एक तारा नसून जोडी आहे. आकारानें पृथ्वीएवढा, पण वस्तुमानानें सूर्याशीं तुलना करावी असा श्वेतबटु, आणि त्याचा थंड सोबती, हे दोघे साडेसहा तासांत परस्परांभोंवतीं एक फेरी पुरी करतात. सोबत्याच्या अंगावरील वायु श्वेतबटूकडे ओढला जातो. पण तो सरळ खालीं न पडतां तबकडीसारखा फिरत राहतो. वायु सांचतो, तबकडी तापते, आणि हायड्रोजनच्या अणूंतील विद्युत्कण सुटे होऊं लागले कीं वायूंतील घर्षण एकाएकीं वाढतें. मग बांध फुटावा त्याप्रमाणें सांचलेला वायु आंत धांवतो व तबकडी उजळते. जपानचे ज्योतिर्विद ओसाकी ह्यांनीं १९७४ सालीं ह्या विचारसरणीचा पाया घातला.

केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावरून ही कथा पुरी होत नाहीं. १९९६ च्या ऑक्टोबरांत ह्या ताऱ्याचा भडका पृथ्वीवरून व कृत्रिम उपग्रहांवरून एकाच वेळीं पाहण्यांत आला. दृश्य प्रकाश वाढूं लागल्यावर सुमारें एका दिवसानें क्ष-किरण वाढले. आणि लगेच ते एकाएकीं मावळून त्यांची जागा तीव्र जंबुपार किरणांनीं घेतली. भडका तबकडींत सुरू होऊन मागाहून श्वेतबटूच्या पृष्ठाशीं पोंचतो, हें त्यावरून ताडतां आलें.

परंतु १९९९ सालीं ह्या उपपत्तीवरच संकट आलें. हबल दुर्बिणीच्या वेधांवरून ताऱ्याचें अंतर सुमारें ५४० प्रकाशवर्षें ठरलें. तो इतका दूर असेल, तर त्याचें खरें तेज फार मोठें. आणि तेवढ्या तेजाला लागणारा वायूचा ओघ तबकडीला सदैव तप्त ठेवील, भडके उडणारच नाहींत! मग चुकलें काय, उपपत्ति कीं अंतर?

निवाडा रेडिओ लहरींनीं केला. त्या केवळ भडक्याच्या वेळींच पुरेशा प्रबळ होतात. म्हणून रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांनीं रात्रीमागून रात्री पहारा ठेविला, आणि तारा उजळतांच वर्दी दिली. तेव्हां अमेरिका व युरोपांतील रेडिओ-दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या. २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अंतर सुमारें ३७० प्रकाशवर्षें. ताऱ्याचें मानलेलें तेज निम्म्याहून कमी झालें, आणि उपपत्ति तरली. घरच्या अंगणांतून लहान दुर्बिणीनें केलेल्या नोंदीवांचून ह्या महायंत्रांना योग्य क्षण सांपडला नसता.